वॉच कसा ठेवायचा: गल्फहून न्हावा शेवाला येताना थर्ड ऑफिसरने काय काय बघायचं

सेकंड मेटचं तिकीट (परवाना) मिळालं, एमएमडीच्या (सरकारी सागरी खात्याच्या) ओरल्स एकदाच्या संपल्या, कंपनीने थर्ड ऑफिसर म्हणून साइन ऑनही केलं, आता आठ ते बाराचा वॉच, म्हणजे ब्रिजवर जहाज चालवायची पाळी, तुमचा. हे सगळं तुमच्यासाठी लिहितोय. उदाहरणाला गल्फहून न्हावा शेवाला येणारं जहाज घेतलंय, कारण आपल्या मुंबईच्या बऱ्याच पोरांना हा रूट कधी ना कधी मिळतोच आणि या एकाच रूटमध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीतली गर्दी, जीपीएसचे घोळ, मुंबई हायचे प्लॅटफॉर्म, मच्छीमार बोटी, पावसाळा आणि शेवटी चॅनल असं सगळंच येतं.

नियम सगळ्यांना पाठ असतात. शिवडीच्या एलबीएस किंवा नेरूळच्या चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या कॉलेजांमधून बाहेर पडलेला कुठलाही पोरगा टक्कर टाळायच्या नियमांमधला रूल १५ झोपेत म्हणून दाखवेल. जहाजावर घोळ होतो तो उशिराने. कोर्स उशिरा बदलला, कॅप्टनला उशिरा उठवलं, पुढे पाणी उथळ आहे हे उशिरा दिसलं. त्यामुळे खालची प्रत्येक गोष्ट वाचताना एवढंच मनात ठेवा की हे काम मला आणखी किती आधी करता येईल.

प्लॅनवर सही करण्याआधी

पॅसेज प्लॅन (पूर्ण प्रवासाची आखणी) बहुतेक जहाजांवर सेकंड ऑफिसर बनवतो, कॅप्टन बघून सही करतो, आणि बाकीचे ऑफिसर कागद समोर आला की सही ठोकून मोकळे होतात. तसं करू नका. सोलासच्या (जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पाचव्या चॅप्टरचं रेग्युलेशन ३४ आणि आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) १९९९ चा ठराव ए.८९३ यात प्लॅन बर्थ टू बर्थ, म्हणजे धक्क्यापासून धक्क्यापर्यंत, हवा असं आहे, आणि कामाचे टप्पे चार आहेत: माहिती गोळा करणं, आखणं, त्याप्रमाणे जाणं आणि जाता जाता लक्ष ठेवणं. पहिले दोन सेकंड ऑफिसरचे धरले तरी उरलेले दोन तुमच्या वॉचमध्ये तुमच्याच गळ्यात आहेत.

म्हणून सही करण्याआधी तुमच्या वॉचमध्ये येणारे लेग्ज (ट्रॅकचे सरळ तुकडे) एकेक करून झूम करून बघा, सगळ्यात मोठ्या स्केलच्या चार्टवर. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना जो कॉरिडॉर ठेवलाय त्याच्या आत काही उथळ जागा, रेक (बुडालेलं जहाज), प्लॅटफॉर्म, केबल येतंय का, टीएसएसमध्ये (जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांच्या वेगळ्या लेन असलेल्या पट्ट्यात) आपण बरोबर दिशेच्या लेनमध्ये आहोत का, व्हील ओव्हर (वळायला सुकाणू फिरवायची जागा) कुठे आहे, रिपोर्टिंग पॉइंट कुठे आहेत, कॅप्टनला बोलवायची जागा लिहिलीय का, आणि इंजिन बंद पडलं तर कुठपर्यंत परत फिरता येतं. एक्डिसचं (स्क्रीनवरच्या इलेक्ट्रॉनिक चार्टचं) रूट चेक मारलं म्हणजे झालं असं समजू नका, त्याला तुम्ही जे आकडे दिलेत त्यावरच ते चेक करतं. आणि रूट चेकने दिलेली लांबलचक यादी कोणी वाचत नाही हेही खरं आहे, पण तुमच्या चार-सहा लेग्जची यादी वाचायला चहा संपेपर्यंतचा वेळ लागतो, जास्त नाही.

२०१३ च्या सप्टेंबरमध्ये ओव्हिट नावाचा केमिकल टँकर डोव्हर स्ट्रेटमध्ये वार्न बँकवर जाऊन बसला. एक्डिसवरचा ट्रॅकच त्या बँकेवरून काढलेला होता, सेफ्टी काँटूर (सुरक्षित आणि उथळ पाण्यातली हद्द दाखवणारी रेघ) चुकीचा होता, अलार्मचा आवाज येत नव्हता आणि कॅप्टनने प्लॅन नीट तपासला नव्हता. वॉचवरचा ऑफिसर मात्र ट्रॅक अगदी व्यवस्थित धरून चालला होता.

एक्डिसमधले आकडे कुठून येतात

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण ऑडिटला आलेला माणूस पहिला प्रश्न यावरच विचारतो आणि बहुतेकांचं उत्तर "कॅप्टनने सेट केलंय सर" एवढंच असतं.

समजा ड्राफ्ट (जहाज पाण्याखाली जेवढं असतं ते) १२.५ मीटर, ब्लॉक कोइफिशंट (पाण्याखालचा भाग चौकोनी ठोकळ्याच्या किती जवळचा आहे तो आकडा) ०.८, स्पीड १० नॉट. मोकळ्या पाण्यात स्क्वॉटचा (उथळ पाण्यात चालताना जहाज आणखी खाली बसतं त्याचा) साधा हिशोब म्हणजे ब्लॉक कोइफिशंट गुणिले स्पीडचा वर्ग भागिले १००, म्हणजे ०.८ मीटर. चॅनलसारख्या अरुंद पाण्यात याच्या दुप्पट धरायचं, १.६ मीटर. कंपनीचा यूकेसी (तळाखाली राखायचं पाणी) नियम ड्राफ्टच्या १० टक्के असेल तर १.२५ मीटर. बेरीज केली की मोकळ्या पाण्यात साधारण १४.६ मीटर, अरुंद पाण्यात १५.४ मीटर.

आता गंमत बघा. चार्टमध्ये १०, १५, २० असे काँटूर असतील आणि तुम्ही १४.६ टाकलं तर एक्डिस १५ चा काँटूर सेफ्टी काँटूर म्हणून धरतं, ठीक आहे. पण १५.४ टाकलंत की ते पुढचा खोल काँटूर उचलतं, म्हणजे २०, आणि मग १६-१७-१८ मीटर पाणी असलेली चांगली जागासुद्धा निळी होते आणि अलार्म वाजत राहतो. अलार्म सारखा वाजायला लागला की माणूस न बघता अक्नॉलेज करायला लागतो, खरा धोका इथे आहे. यावर उपाय म्हणजे सेफ्टी डेप्थ १५.४ ठेवा म्हणजे तेवढे किंवा त्याहून कमी खोलीचे आकडे ठळक दिसतील, आणि त्या आकड्यांवरून नो-गो एरिया हाताने आखून घ्या, त्यावर स्वतःचा अलार्म लावा. काँटूरची किंमत कोणी टाकलीच नाही तर सिस्टीम ३० मीटर धरून बसते, तेही लक्षात असू द्या.

मग कॅटझॉक. चार्टवरचा आकडा किती भरवशाचा आहे ते यावरून कळतं. बी दर्जाच्या सर्व्हेत खोलीची चूक १ मीटर अधिक खोलीच्या २ टक्के असू शकते, सी मध्ये २ मीटर अधिक ५ टक्के. म्हणजे चार्टवर १५ मीटर लिहिलंय आणि सर्व्हे सी दर्जाचा असेल तर पावणेतीन मीटरची गडबड शक्य आहे, आणि जागासुद्धा ५०० मीटर इकडेतिकडे. तुमचा सगळा यूकेसी त्यात जातो.

भरतीचं काय? पावसाळ्यात आपल्याकडे पेपरात "आज साडेचार मीटरची भरती" अशी बातमी येते ना, ती उंची चार्ट डेटमच्या (चार्टवरची खोली जिथून मोजतात त्या पातळीच्या) वरची, म्हणजे चार्टवरच्या खोलीत ती मिळवायची. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक खूप असतो त्यामुळे ती हिशोबात धरायचा मोह होतो, पण धरायची की नाही हे कॅप्टन ठरवेल, आणि धरली तर किती वाजेपर्यंत ते प्लॅनमध्ये लिहिलेलं हवं. अँकरवर दोन तास उशीर झाला की तीच भरती निघून गेलेली असते. स्पीडचंही तसंच, १० चे १२ नॉट केलेत तर वरच्याच जहाजाचा मोकळ्या पाण्यातला स्क्वॉट ०.८ वरून १.१५ होतो.

बाकी छोट्या गोष्टी: सेफ्टी फ्रेम (जहाजाच्या पुढचा जो भाग एक्डिस तपासत असतं तो) किती मिनिटं पुढे बघतेय ते तपासा, बझरचा आवाज खरंच येतो का ते ऐका, डिस्प्ले बेसवर (सगळ्यात कमी माहिती दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून चालू नका, आणि झूम आउट केल्यावर काही वस्तू स्क्रीनवरून गायब होतात त्यामुळे दूरवरचं बघताना "इथे काही नाही" असा निष्कर्ष काढू नका.

वॉच घेताना

पंधरा मिनिटं आधी वर या. रात्री डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, उजेडातून थेट येऊन "ओके, आय हॅव द वॉच" म्हणणाऱ्याला पहिली काही मिनिटं बाहेरचं जवळपास काहीच दिसत नसतं. नाइट ऑर्डर (कॅप्टनच्या रात्रीच्या सूचना) वाचा, सही करा, न कळलेलं असेल तर तेव्हाच विचारा.

मग पोझिशन स्वतः तपासा. जीपीएसचा आकडा वाचणं म्हणजे तपासणं नव्हे, किनारा रडारवर असेल तर एक रेंज-बेअरिंग (अंतर आणि दिशा) घ्या, नसेल तर इको साउंडरची खोली चार्टशी जुळते का बघा. जायरो आणि मॅग्नेटिक हे दोन्ही कंपास शेजारी ठेवून वाचा. वॉचमध्ये एकदा कंपास एरर काढा, सूर्य मावळताना अँप्लिट्यूड (क्षितिजावरच्या सूर्याची दिशा) घ्यायला पाच मिनिटं पुरतात, आणि आठ ते बाराच्या वॉचला सकाळी वर आलेल्या सूर्याचा अझिमथ (दिशा) मिळतोच, ढग असतील तर गोष्ट वेगळी. नेव्हिगेशन लाइट पेटलेत ना, बीएनडब्ल्यूएएस (ऑफिसर जागा आहे ना हे तपासणारा अलार्म) चालू आहे ना आणि ३ ते १२ मिनिटांत किती वर लावलाय, ऑफ कोर्स अलार्म, ऑटोपायलटची सेटिंग, इंजिनरूम मॅन्ड आहे की यूएमएस (माणसाशिवाय चालणारी), डेकवर कोणी काम करतंय का. आणि आसपासची जहाजं: कोणतं कुठल्या बाजूने येतंय, आधीच्या ऑफिसरने कोणासाठी काय ठरवलंय.

तो कोर्स बदलत असेल तर वॉच घेऊ नका, ते पूर्ण होऊ द्या. उलट बाजूने, तुमच्या जागी येणारा आजारी वाटतोय किंवा प्यायलेला वाटतोय (एसटीसीडब्ल्यूमध्ये, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आणि वॉचच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, बऱ्याच कंपन्यांची शून्य) तर वॉच देऊ नका, कॅप्टनला फोन करा. तुमच्यापेक्षा सीनियर असला तरी. हे लिहायला सोपं आहे, करायला अवघड आहे, माहितीये.

बाहेर बघा, मग रडार, मग एआयएस

हाच क्रम ठेवा. आजकाल उलटा झालाय, पोरं आधी एआयएसवर (जहाजं आपली माहिती रेडिओने पाठवतात त्या यंत्रणेवर) नाव आणि सीपीए (सगळ्यात जवळ येऊन किती अंतराने पार होणार ते) वाचतात आणि मग खिडकीतून बघून खात्री करतात, तीही कधी करतात कधी नाही. एआयएसवर समोरच्याच्या जीपीएसचा आकडा येतो, त्याचा जीपीएस चुकला की तुमचा सीपीए पण चुकला. आणि मच्छीमार बोटीवर एआयएस असेलच असं नाही.

समोरच्याचं कंपास बेअरिंग घ्या, रिपीटरवर. दोन-तीन मिनिटांनी परत घ्या. बेअरिंग बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर टक्कर होणार, याला आर्पा (रडारवर जहाजांचा आपोआप हिशोब करणारी सोय) लागत नाही. मोठं जहाज किंवा टो (काहीतरी ओढत नेणारं जहाज) असेल, किंवा फार जवळ असेल, तर बेअरिंग बदलत असूनसुद्धा धोका असतो, हा रूल ७ चा दुसरा भाग लोक विसरतात.

आर्पावर टार्गेट घेतलं की एका मिनिटात फक्त कल कळतो, नीट आकडा यायला तीन मिनिटं लागतात, त्यामुळे घेतल्या घेतल्या आलेल्या सीपीएवर निर्णय घेऊ नका. समोरच्याने किंवा तुम्ही कोर्स बदलला की परत तेच. आर्पाला स्पीड पाण्यातल्या लॉगचा (वेगमापकाचा) द्या, जीपीएसचा देऊ नका, नाहीतर करंट असताना समोरच्याचं तोंड कुठे आहे ते चुकीचं दिसतं आणि तुम्ही हेड-ऑन आहे की क्रॉसिंग यातच फसता. धोका बघायला रिलेटिव्ह व्हेक्टर (आपल्या तुलनेतली त्याची हालचाल), समोरचा काय करतोय ते बघायला ट्रू व्हेक्टर (त्याची खरी हालचाल), दोन्ही आलटून पालटून. एक रडार १२ मैलांवर, दुसरं ३ किंवा ६ वर. लहान बोटींसाठी एक्स बँड रडार, पावसात एस बँड. आणि सी क्लटर (लाटांचे इको पुसणारं सेटिंग) ऑटोवर सोडून देऊ नका, स्क्रीन स्वच्छ दिसतो खरा पण त्या स्वच्छतेत लाकडी बोटही पुसली जाते.

कोर्स बदलायचा तर दिसेल असा बदला

मोकळ्या समुद्रात क्रॉसिंगमधलं जहाज उजवीकडून येतंय, सीपीए पाव मैल, तर सात-आठ मैलांवर निर्णय झालेला हवा. पाच अंश, मग परत पाच, मग परत पाच असं करू नका, रूल ८ मध्ये हेच नको म्हटलंय. ३० अंश किंवा जास्त, एकदम, म्हणजे रात्री त्याला तुमच्या दोन मास्टहेड लाइटमधलं अंतर बदललेलं आणि साइडलाइट बदललेला दिसेल. आधी ट्रायल मॅन्युव्हर (वळण्याआधी रडारवर वळून बघायची सोय) लावून बघा की एकाला टाळताना दुसऱ्यासमोर तर जात नाही. बदलल्यावर तो मागे निघून जाईपर्यंत लक्ष ठेवा, मगच परत ट्रॅकवर या. ट्रॅकपासून दोन मैल लांब गेलात म्हणून कोणी रागवत नाही.

तुम्ही स्टँड-ऑन (कोर्स-स्पीड तोच ठेवायचं जहाज) असाल आणि समोरचा काहीच करत नसेल तर वाट किती बघायची हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे. रूल १७ तुम्हाला परवानगी देतो की तो योग्य ते करत नाहीये हे स्पष्ट झालं की तुम्ही स्वतः हालचाल करा, फक्त शक्य असेल तिथे डाव्या बाजूच्या जहाजासाठी डावीकडे वळू नका. माझं मत असं की पाच छोट्या शिट्ट्या, दिव्याचा झोत, आणि कॅप्टनला फोन हे तिन्ही त्या परवानगीच्या आधी झालेलं असावं. व्हीएचएफवर (रेडिओवर) "यू पास माय स्टर्न ओके?" वाल्या वाटाघाटी टाळा. रात्री चार जहाजं असतात, उत्तर भलताच देतो आणि तुम्ही समजता हाच तो.

मच्छीमार बोटी

आपल्या किनाऱ्यावर खरी परीक्षा इथे आहे. सौराष्ट्राच्या बाहेरून खाली येताना वेरावळ, जाफराबादच्या बोटी, मग डहाणू, वसई, उत्तन, वर्सोवा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ऑगस्ट लागला की आणि नारळी पौर्णिमा झाली की एकदम सगळ्या समुद्रात, आणि ज्याने जुलैमध्ये हा किनारा बघितला त्याला सप्टेंबरमध्ये ओळखू येत नाही.

पुस्तकात ट्रॉलरचा हिरवा वर पांढरा खाली, बाकीच्यांचा लाल वर पांढरा खाली. प्रत्यक्षात गणपतीच्या मंडपाला शोभेल असा निळा-गुलाबी लुकलुकणारा एलईडी लावलेला असतो, किंवा काहीच नसतं आणि तुम्ही जवळ आलात की कोणीतरी टॉर्च मारतो. त्या दिव्यावरून बोट कुठे चाललीय हे ठरवू नका. दिव्यावरून एवढंच कळतं की तिथे माणसं आहेत.

हर्णैकडचा एक एबी (खलाशी) होता, घरच्यांची बोट असलेला. रात्री पुढे एक बत्ती दिसली, ऑफिसरने बोटीच्या पुढून जायचं ठरवलं, तर हा दुर्बीण खाली ठेवून म्हणाला, "साहेब, ती ट्रॉलर न्हाय. जाळं सोडून बसलीय. तोंडाकडनं जाऊ नका." ट्रॉलर जाळं मागे ओढत चालतो म्हणून त्याच्या मागून जाताना भरपूर जागा ठेवायची, पण जाळं सोडून वाहत बसलेल्या बोटीचं जाळं बहुतेक वेळा तोंडाच्या बाजूला पसरलेलं असतं. कोळ्यांचा पोरगा लुकआउटला असेल तर त्याला विचारा, त्यात कमीपणा नाही.

उत्तन-वसईकडे डोल असते, ज्यात आपले बोंबील येतात. ते जाळं एका जागी बांधलेलं असतं, भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं, वर फक्त बोये तरंगत असतात, रडारवर जवळजवळ काही दिसत नाही. काही जाळ्यांच्या बोयांवर एआयएस लावलेलं असतं, तेव्हा स्क्रीनवर जहाज दिसतं आणि बाहेर काहीच नसतं. अशा वेळी एआयएस खोटं बोलतंय म्हणून सोडून देऊ नका, तिथे जाळं आहे हे समजा.

करायचं काय ते सांगतो. बोटींचा घोळका बारा मैलांवर दिसला की लगेच रिकामी जागा कुठे आहे ते बघा आणि सगळा घोळकाच बाजूला टाकता येत असेल तर आत्ताच वीस अंश वळा, आत शिरून एकेकीला चुकवण्यापेक्षा ते शंभर पट बरं. आत जावंच लागणार असेल तर कॅप्टनला बोलवा, हॅन्ड स्टिअरिंग, दोन्ही स्टिअरिंग मोटर, इंजिनरूमला सांगून स्पीड कमी करायची तयारी, जास्तीचा लुकआउट, ऑल्डिस (सिग्नलचा दिवा) हातात. बोटीवरची माणसं दमून झोपलेली असू शकतात, म्हणून शिट्टी लवकर वाजवा, दोन मैलांवर, शेवटच्या दोन केबलवर (मैलाच्या पाचव्या भागावर) नाही. काही बोटी मुद्दाम पुढून कापून जातात त्यामुळे शेवटच्या क्षणी तोंड फिरवलं तर दचकू नका. आणि व्हीएचएफ चॅनल १६ वर हाक मारायची तर मराठीत किंवा हिंदीत मारून बघा, "दादा, मोठं जहाज येतंय, जागेवर थांबा" एवढं कळतं त्यांना, पण उत्तर आलंच म्हणून त्या भरवशावर सरळ जाऊ नका.

बोटीला नुसता धक्का लागल्यासारखं वाटलं, काही दिसलं नाही, तरी थांबायचं आणि बघायचं आणि एमआरसीसीला (सागरी बचाव केंद्राला) कळवायचं. यावर वेगळं लिहायची गरज पडू नये.

जीपीएस गंडला तर

होर्मुझच्या आसपास २०२५ च्या जूनमध्ये जॅमिंग (जीपीएसचा सिग्नल दाबून टाकणं) इतकं होतं की स्क्रीनवर जहाजं जमिनीवर आणि गोल गोल दिसत होती. जीपीएस पूर्णच गेला तर अलार्म वाजतो, ते बरं. स्पूफिंगमध्ये (खोटा सिग्नल मिळतो तेव्हा) आकडा हळूहळू सरकतो आणि सगळं ठीक दिसतं. म्हणून एक्डिसवर रडार ओव्हरले चालू ठेवा, किनाऱ्याचा इको आणि चार्टवरचा किनारा एकमेकांपासून सरकला की लगेच कळतं.

जीपीएस गेल्यावर फक्त पोझिशन जात नाही. एआयएस, जीएमडीएसएसच्या (संकटात मदत मागायच्या रेडिओच्या) सेटमधली पोझिशन, काही जहाजांवर जायरोची लॅटिट्यूड-स्पीड करेक्शन आणि घड्याळंसुद्धा. तर एक्डिस डीआर मोडवर (शेवटच्या पोझिशनवरून कोर्स-स्पीडने अंदाज), रडारने रेंज-बेअरिंग टाकून फिक्स, लॉगचा स्पीड, जायरोला करेक्शन हाताने, जीएमडीएसएसला पोझिशन हाताने. हे करून बघायला होर्मुझची वाट बघू नका, दुपारच्या मोकळ्या समुद्रात कॅप्टनला विचारून एक तास असंच चालवा. सहा मिनिटांचा हिशोब डोक्यात असू द्या: १५ नॉटला सहा मिनिटांत दीड मैल. धोका दोन मैलांवर असेल तर सहा मिनिटांनी फिक्स म्हणजे उशीरच.

पाऊस आणि धुकं

जून-जुलैमध्ये सर आली की पाच मिनिटांत पुढचा मास्ट दिसत नाही. रूल १९ मध्ये स्टँड-ऑन कोणीच नसतं, हे ओरल्समध्ये घडाघडा सांगणारी पोरं ब्रिजवर मात्र "तो माझ्या डावीकडे आहे, तो वळेल" म्हणून बसतात. तुम्हाला तो दिसत नाहीये, फक्त रडारवर आहे, म्हणजे दोघांनी टाळायचं. बीमच्या (जहाजाच्या बरोबर आडव्या रेषेच्या) पुढे असेल तर डावीकडे वळणं टाळा, तुम्ही ओव्हरटेक करत असाल तर ते वेगळं. बीमवर किंवा मागे असेल तर त्याच्या दिशेने वळू नका. चालत असाल तर जास्तीत जास्त दोन मिनिटांनी एक लांब शिट्टी, पाण्यात थांबला असाल तर दोन लांब. सर यायच्या आधी, ती रडारवर दहा मैलांवर दिसतेय तेव्हाच, कॅप्टन, इंजिन, लुकआउट, हॅन्ड स्टिअरिंग. आणि सरीच्या पट्ट्यात लपलेली बोट दिसावी म्हणून रेन क्लटर अधूनमधून हाताने कमी-जास्त करून बघा.

कॅप्टनला कधी उठवायचं

शंका आली की. "उठवू का नको" असं मनात आलं तेच उत्तर आहे. व्हिजिबिलिटी कमी झाली, ठरलेला सीपीए राखता येत नाही, अपेक्षित वेळेला लाइट किंवा किनारा दिसला नाही, अनपेक्षित दिसला, खोली अचानक बदलली, इंजिन-स्टिअरिंग-जायरो काहीही बिघडलं. त्याला वर यायला आणि डोळे सरावायला पंधरा मिनिटं लागणार हे धरून टीसीपीए (सगळ्यात जवळ यायला उरलेला वेळ) वीस मिनिटं असतानाच फोन गेला पाहिजे. फोनवर "सर जरा वर येता का" एवढंच नको, काय आहे, किती अंतर, मी काय केलं ते एका दमात सांगा. तो वर आला म्हणून कॉन (जहाज चालवायचा ताबा) त्याच्याकडे गेला असं नसतं, त्याने तोंडाने सांगेपर्यंत तो तुमचाच. न सांगताच हेल्म ऑर्डर द्यायला लागला तर विचारा, "सर, यू हॅव द कॉन?" आणि लॉगमध्ये वेळ लिहा.

किनारा, रेंज आणि पायलट

मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचे सेफ्टी झोन असतात, तिथून सप्लाय बोटी कुठूनही निघतात. ते पार झालं की काही तासांनी मोबाइलला रेंज येते आणि ब्रिजवर अचानक गर्दी वाढते, ज्यांचं काही काम नाही तेही विंगवर. वाकाशिओ २०२० च्या २५ जुलैला मॉरिशसच्या रीफवर गेलं, त्यात मोबाइलच्या सिग्नलसाठी २२ मैलांचं अंतर आधी ५ मैल केलं होतं, नंतर त्याहून जवळ, आणि तिथला मोठ्या स्केलचा चार्टही नव्हता. तेव्हा किनाऱ्याजवळ येताना तुमचा फोन ड्रॉवरमध्ये, आणि ट्रॅक बदलायचा झाला तर कारण काही असो, आधी नवीन ट्रॅक त्याच पद्धतीने तपासून.

पॅरलल इंडेक्स (रडारवर ट्रॅकला समांतर रेषा) लावून ठेवा, खांदेरी किंवा प्राँग्ज अशी रडारवर ठळक, न हलणारी जागा पकडून. इको रेषेवरून सरकला की भरतीच्या ओढीने तुम्ही बाजूला जाताय हे जीपीएसशिवाय कळतं.

पायलट (बंदरात जहाज न्यायला मदत करणारा स्थानिक जाणकार) चढतो ती पायलट लॅडर ९ मीटरपेक्षा जास्त लांब लागत असेल तर कॉम्बिनेशन, अकोमोडेशन लॅडरसकट (जहाजाच्या बाजूच्या जिन्यासकट). पावसाळी स्वेलमध्ये ली (लाटा-वाऱ्यापासून आडोशाची बाजू) नीट द्या. पायलट वर आला की पायलट कार्ड, ड्राफ्ट, काय काय बंद आहे, कुठे टग घेणार, हे बोलून घ्या आणि तुमच्या प्लॅनशी जुळतं का बघा. त्यानंतर आराम नाही. पायलट असला तरी पोझिशन तुम्हीच बघायची, हेल्म ऑर्डर दिली की रडर इंडिकेटर त्याच बाजूला गेला का ते तुम्हीच बघायचं, दहा डावीकडे सांगितल्यावर उजवीकडे लावणारा हेल्म्समन दमलेल्या रात्री कुठेही भेटतो. ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ यांची टक्कर झाली ती इथेच, मुंबईच्या तोंडाशी. कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं, काही दिवस बंदराचा रस्ता बंद. एक आत येत होतं, एक बाहेर चाललं होतं. त्यामुळे समोरून कोण येतंय, कुठे पार होणार, आणि ते आधी कोणी कोणाशी ठरवलंय, हे वीस मिनिटं आधी तुम्हाला माहीत हवं, पायलट आपल्या भाषेत व्हीएचएफवर बोलत असेल तर काय ठरलं ते कॅप्टनला इंग्रजीत सांगायला सांगा. कॅप्टन युक्रेनचा असला तर त्याला मराठी कुठून कळणार.

झोप

२४ तासांत कमीत कमी १० तास, सात दिवसांत ७७, जास्तीत जास्त दोन तुकड्यांत आणि त्यातला एक निदान सहा तासांचा. कार्गो वॉच, ड्रिल, पेपरवर्क धरून थर्ड ऑफिसरचं हे गणित बंदरात बसत नाही, मग सॉफ्टवेअरमध्ये हिरवं दिसेल असं भरलं जातं. खरं भरा. डिपार्चरच्या आधी बसत नसेल तर चीफ ऑफिसरला आदल्या दिवशी सांगा म्हणजे वॉच बदलता येतो, निघताना सांगून काही होत नाही.

वॉच देताना लॉग

काय केलं ते वेळेसकट लिहा: कोर्स बदलला, कोणासाठी, कॅप्टनला किती वाजता बोलावलं, व्हिजिबिलिटी किती, कंपास एरर किती. खाडाखोड नको, चुकलं तर एक रेघ आणि सही. काही घडलं, अगदी थोडक्यात वाचलात तरीसुद्धा, व्हीडीआरचं (जहाजाच्या ब्लॅक बॉक्सचं) सेव्ह बटण दाबायला कॅप्टनला आठवण करा, कारण जुन्या सेटमध्ये फक्त १२ तासांचं रेकॉर्डिंग राहतं आणि बंदरात पोचेपर्यंत ते पुसलं जातं. आणि पुढच्या ऑफिसरला नुसतं "ऑल ओके" म्हणून खाली जाऊ नका, जे जहाज अजून चार मैल मागे आहे आणि ओव्हरटेक करतंय ते बोट दाखवून सांगा.